पाचव्या दिवसाचं पाणी

सुगुणा, इथं नळ पाचव्या दिवशी येतो,
पहाटे तीनला, नाहीतर भर दुपारी.
पहिली बादली गढूळ. ती फरशीला.
मग घागर, मग पिंप,
मग शेजारच्या येमुलबाईंची कळशी.
त्यांचे गुडघे गेलेत, आणि
त्यांच्या फ्रिजमध्ये आपल्या दुधाला जागा आहे.

भाकऱ्या एकदम पंधरा थाप, कडक वाळव.
वैशाखात रोज गॅस कशाला पेटवायचा,
पत्र्याखाली आपणच भाजून निघतो.
शेंगाचटणी उखळातच कूट.
मिक्सरमध्ये तेल सुटत नाही, बिल तेवढं सुटतं.

चादर विरली की मधोमध फाड,
कडा आत घेऊन शिव. दोन वर्षं निघतात.
पुढं तिचं दुपटं, मग पोतेरं.
सोलापुरी चादर मरत नाही गं,
नावं बदलत राहते.

शनिवारी पगार.
कारखान्याच्या गेटवर तूच जाऊन उभी राहा,
भाजीचं निमित्त कर.
गेटापासून घरापर्यंत तीन पानपट्ट्या आहेत.
मी जायचे तेव्हा ह्यांना वाटायचं, प्रेम.
होतंही, थोडं.

विड्यांच्या पैशातले वीस रुपये मात्र
महिन्यातून एकदा आपल्यावर उडव.
मी कंबर तलावावर जाते. एकटी.
कुल्फी खाते, घाई न करता,
काडीसुद्धा चोखून.

वहीत तो खर्च ‘मीठ’ म्हणून लिहिलाय.
बावीस वर्षं झाली.
हे अजून अधूनमधून वही चाळतात,
चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
‘अगं, आपल्या घरात एवढं मीठ
खातं तरी कोण?’