एकच डिस्क

आल्दोनाबाईंची अट एकच: डिस्क एकच हवी.
"मध्येच उठून दुसरी घालणं गुडघ्यांना जमायचं नाही."
नवरा गेल्यावर कपाटामागे सापडलेल्या टेपा,
दोन तास एकावन्न मिनिटं:
क्लाइपेडाचं बंदर, जाळी, बर्फ,
आणि समुद्र, समुद्र, परत समुद्र.

मेनू काढला. आवाज निम्म्यावर आणला.
तरी सहाशे एमबी बाहेरच लोंबत होते.

मग दोन फेऱ्या लावल्या.
पहिल्या फेरीत यंत्र लिहीत नाही, नुसतं बघतं,
कुठं किती हलतंय.
दुसरीत वाटप.

समुद्र खादाड निघाला.
लाट दरवेळी नवी, खर्चही नवा.
पडत्या बर्फाचं तेच.
आणि मध्येच अकरा मिनिटं, जवळजवळ फुकट:
वारा पडलेला, बोट अजून दोराला,
केबिनच्या काचेतून दिसणारी
धक्क्यावरची पिवळ्या रुमालातली बाई.
हलत नाही.
यंत्र तिच्यापुढे लिहीत गेलं
मागच्यासारखंच
मागच्यासारखंच
मागच्यासारखंच

पहाटे चारला डिस्क निघाली, गरम.
काठाशी केसभर जागा उरलेली.

"लाटांचे चौकोन झालेत थोडे," मी आधीच सांगून टाकलं.
"पण तुम्ही स्वच्छ आहात. अकरा मिनिटं."

त्या लितास मोजत होत्या. मोजणं चुकलं.
"भांडले होते त्या दिवशी. म्हणून हात नाही हलवला."
पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरुवात.
"मला वाटलं,
योकूबास केव्हाच आत जाऊन झोपला."