दहाच्या आत

धरणगावच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर बसते.
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
मधला फरक कापूस.
चैत्रात येतो तो भावाची वाट पाहून थकलेला माल.
आवारात ढीग चढत जातो दुमजली
आणि खालून पाइप त्याला ओढत राहतो
सकाळपासून, पोटातून.

हिलाल बाविस्कर गेटवरचा वॉचमन.
सोळा वर्षं फौजेत, त्यातली तीन बर्फात.
डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली.
पहिल्या दिवशी त्यानं ढिगाकडे पाहिलं
तसं कापसाकडे कोणी पाहत नाही:
मान तिरकी, एक डोळा बारीक,
चिमटीत उतार धरून.
मग मला म्हणाला,
"ताई, हाई धार पुढे झुकेल शे. खालथून पोकळ.
कोनलेच जाऊ दिऊ नको."

ठेकेदार हसला.
कापूसच तो. गादी.

विचारलं तरच सांगायचा, चहाच्या वेळी.
माघात बर्फ झोपलेला असतो.
फाल्गुन सरला की रात्री गोठतो, दिवसा सुटतो.
पहाटे त्याच्यावर बूट वाजतात, फरशीवर वाजावेत तसे,
जायचं ते तेव्हाच, एकेकानं, दहाच्या आत.
मग तोच उतार बूट गिळायला लागतो,
आधी पूर्वेकडचा, मग दक्षिणेकडचा.
वरून लिंबाएवढे गोळे घरंगळत येतात
मागे रेघ ओढत.
रेघ दिसली की फिरायचं.
कसला हुकूम आहे, वर कोण वाट पाहतंय, ते नंतर.
"उन तापनं का बरफ जागा व्हस."
आणि फिरलं नाही तर?
तो कप उपडा ठेवायचा.

इथे त्रेचाळीस. काट्याचं लोखंड हात लावू देत नाही.
तिकडे शून्याच्या वर दोन अंश चढले
तर माणसं जातात,
हे माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस गेले.

त्या दुपारी पोरं जेवायला उतरत होती.
आवाज झालाच नाही, असं सगळे म्हणतात.
मी ऐकला.
कुणी गोधडी एकदाच झटकावी तसा.
ढिगाचा कडा खाली बसला
आणि आवारभर उन्हात तंतू उडत राहिले.
कोणी तरी ओरडलं, रायसिंग खाली होता!

हिलाल धावला नाही.
आधी उभा राहिला. शेवटचा कुठे दिसला, बोट दाखवा.
मग बांबू.
हातभर अंतर सोडून टोचायचा, थांबायचा,
टोकाला काय लागतंय ते तळहातानं ऐकायचा.
ओठांवर आकडे होते. मिनिटं.
पंधरापर्यंत मीही मोजली.

सोळाव्याला रायसिंग आला
पाण्याच्या टाकीमागून,
हनुवटीवरून पाणी गळतंय, खांद्यावर ओला गमछा.
"मी इथंच की."
ठेकेदारानं आधी शिवी दिली, मग खाली बसला.

हिलालनं मान वर केली नाही.
बांबू चालूच होता, पण अंतर बदललं होतं.
पाय दुसऱ्याच उतारावर पडत होते,
बोटं नसलेला पाय जपून,
भार मागे ठेवत.
मधेच त्यानं एक नाव घेतलं.
आमच्याकडचं नव्हतं.

रायसिंग बराच वेळ बघत राहिला.
मग गमछा डोक्याला बांधला
आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून
दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागला.
कोणाला शोधतोय, विचारलं नाही.

बाहेर तीन ट्रॅक्टर हॉर्न देत होते.
गेटची किल्ली हिलालच्या खिशात.
कोणी मागितली नाही.