दर तीस मिनिटांनी

कागदाची गिरणी बंद पडली
आणि तिच्या पोटात सर्व्हर आणून ठेवले.
तळ्याचं पाणी तेच. पूर्वी लगदा भिजवायचं,
आता तापलेलं लोखंड निववतं.
दोनशे एकेचाळीस यंत्रं, आणि औलिस.
गुरुवारी औलिस निवृत्त होतोय.

हेलसिंकीहून निरोप आला: एक साधन निवडा,
तुलना करा, तक्ता पाठवा, शुक्रवारच्या आत.
मी आणि तानेली बसलो. कॉफीचं तिसरं भांडं.
खिडकीबाहेर दुपारी दोनलाच संध्याकाळ.

पपेट शिस्तीचं.
काय हवं ते एकदा सांगून ठेवायचं, बस.
दर तीस मिनिटांनी प्रत्येक यंत्र आपणहून येतं,
विचारतं, मी अजून तसंच आहे ना?
नसेल तर कान धरून पूर्ववत.
नाव कळसूत्री बाहुलीचं, पण दोरी बाहुलीच ओढते,
हे तानेलीला फार आवडलं.

शेफच्या पाककृती, हाताशी सुरी,
रूबी येत असेल तर वाटेल ते शिजवा.
आमच्यात आचारी कोण?
तानेलीला अंडं उकडता येत नाही.

सॉल्ट म्हणजे एक धनी, बाकी सारे हुकमाचे ताबेदार.
एक हाक, आणि दोनशे एकेचाळीस वेळा ‘जी’, एका दमात.
वेग बघून मी खुर्चीत मागे सरले.
चुकीची हाक गेली
तर तीही इतक्याच चपळाईने पाळतील.

अँसिबलला कुणाच्या घरात बिऱ्हाड करायचं नसतं.
किल्ली दाखवतं, आत येतं, काम करतं, निघून जातं.
फक्त ओळीआधीची मोकळी जागा मोजून ठेवायची.
एक स्पेस इकडची तिकडे झाली
की उंबऱ्यावरच रुसून बसतं.

“आणि माझं?” औलिसने दारातून विचारलं.
त्याचं साधन म्हणजे तेलकट पुठ्ठ्याची वही,
अकराशे ओळींची एक स्क्रिप्ट,
आणि पंख्याच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा डावा कान.
तक्त्यात आम्ही रकानाच ठेवला नव्हता.

बुधवारी चाचणी. नुसतं दाखव, करू नकोस, असं बजावून
पपेट सगळीकडून फिरवलं.
हिरवं, हिरवं, हिरवं. पुन्हा फिरवलं, तरी हिरवं.
केलेलंच पुन्हा केलं तरी काही बदलू नये,
याला आमच्या धंद्यात एक जडजंबाल शब्द आहे.
माझी आई रात्री दोनदा उठून
दाराची कडी चाचपून यायची, तेच हे.

सतरा नंबरवर लाल ओळ.
ही फाइल वर्णनाशी जुळत नाही. बदलू?

उघडली. यंत्र सुरू होताना चाळीस सेकंद थांबवलं होतं,
आणि वर औलिसची टीप, शुद्धलेखनाच्या चुकांसकट:
“आधी पंपाला जाग येऊ दे. उणे चौतीस आहे.
घाई केली तर पाइप तडकतो, दोनदा तडकला.
एकटाच आहे. हेइनीच्या घरी बाळ आलंय,
तिला उठवायचं नाही.”

हेइनी मी.
बाळाचे पुढचे दोन दात पडलेत आता.

त्या पहाटे मी आले तेव्हा
औलिस ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालत होता.
काही झालं का, विचारलं होतं.
काही नाही, म्हणाला होता.

गुरुवारी केक कापला. त्याने भाषण केलं नाही.
वही माझ्या टेबलावर ठेवली, टोपी घातली,
जिन्यात एकदा थांबला, बहुतेक पंख्यांसाठी.

तक्ता गेला. पपेटसमोर खूण, खाली तीन कारणं,
तिन्ही खरी, तिन्ही तांत्रिक.
सतरा नंबरच्या वर्णनात मी चाळीस सेकंद लिहिले,
आणि टीप, शब्दन् शब्द, चुका न सुधारता.

टीप यंत्र वाचत नाही, तानेली म्हणतो.
ठाऊक आहे.
पण आता कुणी ती पुसली
तर जास्तीत जास्त अर्धा तास.