शिडीचे दीडशे

मोफत, असं छापलं होतं कागदावर.
मोफतच्या डोक्याशी एक बारकी चांदणी होती,
ती मला चष्म्याशिवाय दिसली नाही.

मंगळवार पेठेत आमचा डंक आहे.
मिरची किलोवर, धणे किलोवर,
कांदा-लसूण घालून चटणी करायची तर दर वेगळा,
तो दारातच खडूनं लिहिलेला.
बत्तीस वर्षं झाली,
गिऱ्हाईक शिंकलं म्हणून कधी जादा घेतले नाहीत.

ते दोघं आले दुपारी चारला.
रात्री साडेबाराची मॅच.
आमच्या गल्लीत निळ्या-पांढऱ्या पताका, पलीकडं पिवळ्या,
आणि आमचा सत्त्वशील सकाळपासून
कोऱ्या भिंतीकडं बघत बसलेला.
हे त्यांनी दारातनंच बघितलं असणार.
घाई दिसतेच माणसाची.
दिवाळीच्या तोंडावर मिरचीचं पोतं घेऊन येणाऱ्या बाईची
मलाही दिसते.
(एका वर्षी मी पाच रुपये चढवले होते.
वर लिहिलंय ते तेवढं सोडून खरं.)

छत्री बसली. तोंड कागलच्या अंगाला.
मग वैजूनं खिशातनं पेन काढलं:
वायर जादा, वीस मीटर, चारशे.
खांबाचा पाईप, साडेतीनशे.
भिंतीला भोकं दोन, एकशे साठ.
शिडी, दीडशे.

"शिडी?"
"शिडीचा चार्ज असतोय मावशी, सगळीकडं."
"आरं, शिडी हौसाक्काची हाय. मीच आणली न्हवं मागून?
बघ, पायरीवर माझ्या हळदीची बोटं."
त्यानं पायरीकडं बघितलं.
मग आकाशाकडं, जसं काही दीडशे तिथनं उतरणार होते.

मी पदर खोचला, वर गेले
आणि वायर मोजली हातानं, कोपर ते बोट, कोपर ते बोट.
सव्वीस हात.
म्हणजे बारा मीटर, त्यात कंपनीचे दहा फुकट.
राहिले दोन. चाळीस रुपये.
उद्यमनगरात भावाला फोन लावला, पाईप दोनशे दहाला मिळतो.
भोक एकच नवं.
दुसरं केबलवाल्याच्या काळातलं, त्यात मुंग्या राहतात.

मी जिंकत होते, आणि मजा येत होती, खोटं का सांगू.
तेव्हा वैजू शिंकला.
एकदा, दोनदा, सातदा. डंकाची मिरची ओळख करून घेतेच.
डोळे पुसत म्हणाला,
"एका छत्रीमागं एकशेदहा देती कंपनी.
पेट्रोल आमचं. ड्रिलचं पातं आमचं.
पडलो तर पडणंबी आमचंच."
त्याच्याबरोबरचा दिलावर काही बोललाच नाही.
त्याचा तळवा पत्र्यानं कापला होता,
तो मुठीत धरून जिन्यात उभा होता.

हळद लावली. तिचा दर खडूनं लिहिलेला नाही.

"पावती दे," म्हटलं.
पावतीबुक नव्हतं त्यांच्याकडं.
मग माझंच घेतलं डंकाचं.
मिरची खोडून लिहिलं पाईप,
धणे खोडून वायर,
हळकुंड खोडून भोक, नग एक.
तीनशेतीस.
शिडीसमोर मी शून्य काढलं,
वैजूनं त्याच्याखाली सही केली, मराठीत, सावकाश,
आणि जाताना चहाचा कप स्वतः विसळला.

रात्री गोल झाला
तेव्हा आधी पलीकडच्या गल्लीतनं आरडाओरडा आला
आणि आमच्या टीव्हीत चेंडू अजून मैदानाच्या मध्यात होता.
चार सेकंद उशीर.
सत्त्वशील माझ्याकडं बघत राहिला,
जणू ते मीच घासाघीस करून कमी केले होते.

शिडी अजून भिंतीलाच आहे.
हौसाक्कानं मागितली नाही.
मागच्या महिन्यात तिची दोन किलो मिरची
मी तशीच कुटून दिली होती,
की पैसे दिले होते तिनं?
पावतीबुक उघडून बघावं म्हणते.
पण ते उघडलं की पहिलं तेच पान येतं,
भोक, नग एक.