पाण्यावरचा कागद

मे महिन्यात मेण ऐकत नाही.
धंतोलीतल्या या दोन खोल्यांत एसी एकच,
तोही मॅडमच्या खोलीत, मायक्रोस्कोपजवळ.
म्हणून सकाळी आधी बर्फ,
गोळेवाल्या रज्जाककडून अर्धी लादी, पोत्यात गुंडाळून.
"काहून ताई, शरबताचं दुकान टाकून राहिल्या का?"
मी हो म्हणते.

बर्फावर ठोकळे पालथे.
प्रत्येक मेणात एक तुकडा,
चिंचोक्याएवढा, कधी नुसती कणी.
फॉर्मालिनमध्ये रात्र काढलेला,
अल्कोहोलनं पाणी शोषून घेतलेला.
नाव नाही. ११४२/अ.
तेही पेन्सिलीनं. शाई टिकत नाही इथे.

उईके सर सांगायचे,
पातं कानानं चालव.
करकर आली की थांब, धार गेली.
चाक फिरवते,
पात्यावरून फीत उतरते, चार मायक्रॉनची,
फुंकरीनं उडणारी.
सतरा वर्षं मी श्वास तोंड वळवून सोडते.

मग कोमट पाणी.
फीत तरंगते, सुरकुत्या सोडते,
खालून तिरकी काच घालून
तिला उचलून घ्यायची.

आणि दर ठोकळ्यानंतर
पाण्यावरून कागद ओढायचा.
एवढं विसरायचं नाही.
एखादी चिंधी तरंगत राहिली
तर एकाचं दुखणं
दुसऱ्याच्या काचेवर जाऊन बसतं.

मागच्या उन्हाळ्यात लाइट गेली होती,
डोळ्यांत घाम,
मी विसरले.
१०८७च्या काचेच्या कडेला एक गडद जांभळा ठिपका,
जो त्याचा नव्हताच.
धोटे मॅडम ओरडल्या नाहीत.
"पुन्हा काप," एवढंच.
बाहेर बाकावर त्याची बायको
डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती.
"उद्या या. मशीन बिघडली," मी म्हटलं.

दुसरी काच स्वच्छ निघाली.
तो आता इतवारीत कुणाशी भाव करत असेल,
किंवा झोपला असेल पंख्याखाली.
मी त्याला पाहिलेलं नाही.
त्याच्या बायकोची एक रात्र
माझ्याकडे राहून गेली.

घरी कुलरमध्ये ओतायची बादली
दिवसभर अंगणात असते,
वर धुळीचा पापुद्रा, निंबाची दोन पानं.
मी पेपरचं पान फाडते,
पाण्यावरून ओढते,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश.
पोरगा चिडतो.
त्याचं शब्दकोडं अर्धंच झालं होतं.