दुसरं टोक

युलाली आत्या भाषणांना येताना जाळं घेऊन आली.
मी म्हटलं, आत्या, मंत्री येणार आहेत, कॅमेरे असतील.
म्हणाली, असू देत की.
मासे काय भाषण संपायची वाट बघतात?

सप्टेंबर सरत आलेला. तळ्यावरच्या वाऱ्याला
आतापासूनच बर्फाचा वास.
शाळा कधीच पाडली. उरलाय तो सिमेंटचा चौथरा,
त्यावर तंबू, तंबूत खुर्च्या,
पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर चिकटवलेला कागद : वाचलेले.
आत्यानं आपला कागद सोलून काढला, चार घड्या घातल्या
आणि खुर्चीच्या डगमगत्या पायाखाली सारला.

इथं मुलांना वाचायलाच आणलं होतं.
सगळी वाचली नाहीत.

मंत्री 'समेट' म्हणाले. सात वेळा.
मी मोजत होतो.
ती फाटलेले डोळे मोजत होती, जाळ्याचे.
मोजणं तिला इथंच शिकवलं.
बुटांवर एकोणतीस, टॉवेलवर एकोणतीस,
सदऱ्याच्या कॉलरीत आतून, मानेला टोचणारं, एकोणतीस.
धाकटा भाऊ मोडेस्ट, तो बासष्ट.
जेवणघरात मुलगे तिकडे, मुली इकडे,
मधे जमिनीवर रंगवलेली पिवळी रेघ.
रेघेपलीकडून त्यानं विचारलं, आपल्या भाषेत,
पोट भरलं का?
एवढंच.
तेवढ्यासाठी साबण, त्याच्या तोंडात.
तिनं मान खाली घातली, उत्तर दिलं नाही.
हे तिनं मला सांगितलेलं नाही.
पण अजून झोपेत ती कुणाला तरी हो म्हणते.

मग तो आला. वॉरेन टिबेट, गावात गॅरेज होतं त्याचं.
टोपी काढलेली, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत वही.
'माझे वडील ट्रक चालवायचे,' म्हणाला. 'तो ट्रक.'
कोणता, ते कुणी विचारलं नाही.

पेन्सिलीचं अक्षर, बारीक, नेटकं :
९ सप्टेंबर. तळ्याकाठून अकरा मुलं. पेट्रोल चौदा गॅलन. एक पंक्चर.
२८ जून. परत. दहा मुलं. पेट्रोल चौदा गॅलन.
खाली बेरीज. पैशाला पैसा जुळलेला.

शाळेच्या दप्तरात बासष्टसमोर काहीच नाही.
तीन अर्ज केले आम्ही, तिन्हींना तेच उत्तर.
आणि हा एक ड्रायव्हर,
ज्यानं मोजलं,
आणि पान उलटलं.

'मला माळ्यावर सापडली,' वॉरेन म्हणाला, 'ते कधी बोलले नाहीत,
मला फक्त...' आणि वाक्य तिथंच बसलं.
आत्या म्हणाली, 'थांब. हे धर.'
जाळ्याचं दुसरं टोक.
'ताठ धर. इतकं नको, उसवेल.'

पाऊण तास तो उभा. हात भरून आले, थरथरले,
सोडलं नाही.
ती सांधत राहिली, पांढऱ्या जाळ्यात निळा दोरा.
मी पुटपुटलो, पांढरा मिळाला असता की दुकानात.
'आणि कुठं फाटलं होतं ते कळणार कसं?'

एका बाईनं माइक पुढं केला : माफ केलंत का तुम्ही?
आत्याच्या दातांत सुई होती.
बाईनं थोडी वाट पाहिली, मग दुसरीकडे गेली.
वॉरेनला आत्यानं शनिवारी बोलावलंय.
अजून दोन जाळी आहेत.

परतताना वही तिच्या मांडीवर.
पंपावर थांबलो, पेट्रोलचे आकडे फिरत होते,
ती त्यांच्याकडे बघत राहिली, चौदापर्यंत, चौदाच्या पुढं.
मग काच खाली करून म्हणाली,
बासष्ट नव्हे. मोडेस्टसुद्धा नव्हे, ते पाद्र्यांनी ठेवलेलं.
आई त्याला म्हणायची...

आणि ते नाव म्हणाली. एकदाच,
गरम घोट जिभेवर जपून घ्यावा तसं.

मी ते इथं लिहीत नाही.
मला अजून नीट म्हणता येत नाही.
नव्वद मैल गाडी चालवताना
नुसते ओठ हलवत होतो,
आणि ती, खिडकीबाहेर बघत,
चुकलं की मान हलवत होती.