गटाची चौकट

दापोलीच्या रक्तसाठा केंद्रात आमचा फ्रीज
चार अंशांवर घुमत असतो.
बी पॉझिटिव्ह सात, ओ पॉझिटिव्ह चार,
एबी एकच, परवा बाद होईल.

शेवंती पावसेचं रक्त यातल्या कशाशी जुळेना.
ओ समजून लावलं, नळीत गुठळ्या धरल्या.
नळी बदलली. पुन्हा धरल्या.
मुंबईचं नाव लागलेला तो गट,
दहा हजारांत एखाद्याचा.
देणारा मिळाला, सांगलीचा, हातची पाळी सोडून निघाला.
कुंभार्ली घाटात दरड.
नऊ तास.

पुढचं नोंदवहीत आहे, माझ्याच अक्षरात.

आज रविवार. आंजर्ल्याच्या खाडीला सुकती.
तस्लीम मुकादम चिखलात ओणवी,
खुरप्याच्या टोकानं एकेक किडा बिळातून अलगद ओढते,
ओल्या काथ्यात ठेवते. एरवी गरीला लागतात,
हल्ली खांबेटे मॅडम नेतात, नगाला दोन रुपये.

मॅडम गुडघाभर चिखलात उभ्या राहून सांगतात:
पाणी असतं तोवर हा श्वास भरून घेतो,
सुकतीचे सहा तास त्यावर काढतो.
याच्या रक्तात प्राणवायू वाहणारं जे आहे
ते पेशीत नसतं, मोकळंच पोहतं.
पेशी नाही, म्हणून गट नाही.

मी म्हटलं, परत सांगा.

त्यांनी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं:
दुधासारखं पांढरं रसायन झालं, गाईचं हिमोग्लोबिन झालं,
माणसाचं पेशीबाहेर काढून झालं,
ते तुटतं, मूत्रपिंडात साचतं, नसा आवळतात,
माणसं दगावलीत, मॅडम म्हणाल्या, लपवण्यासारखं नाही.
हे अजून उंदरांवर.
आणि जमलं तरी हे रक्त नव्हे.
गोठणार नाही, जंतूंशी लढणार नाही,
दिवसभरात विरून जाईल.
फक्त मधला वेळ.

मधला वेळ म्हणजे किती, मी विचारलं.
नऊ तास निघतील?

त्या गप्प राहिल्या. ते मला बरं वाटलं.

एक किडा खुरप्यानं कापला गेला होता,
माझ्या तळव्यावर थेंब आला.
लाल. अगदी आपला.
सवयीनं डबीला लेबल चिकटवलं,
तारीख घातली, वेळ घातली,
गटाच्या चौकटीपाशी पेन थांबलं.

मोजून घ्या लवकर, तस्लीम म्हणाली,
पाणी चढतंय.